मोफत अंगणवाडी पाच मिनिटांवर असताना मूल घरी का राहतं?

एका कंपनीच्या सामाजिक निधीचं काम पाहणाऱ्या ताईंनी पत्रातून विचारलेला हा प्रश्न. पुण्याजवळच्या एका कामगार वस्तीत त्यांनी पाहणी केली. अंगणवाडी मोफत, खाऊ मिळतो, कोणत्याही घरापासून पाच मिनिटांच्या आत. तरीही ज्या घरांना सगळ्यात जास्त गरज, त्यांचीच मुलं तिथे कमी दिसतात. जरा बरी कमाई असलेली घरं मात्र मुलांना नियमित पाठवतात, नाहीतर महिन्याला सात-आठशे रुपये भरून गल्लीतल्या केजीत घालतात. ताई विचारतात, ‘पालकांना बालशिक्षणाचं महत्त्व पटवून द्यायला जागृती मोहीम कशी आखावी?’

ताई, जागृतीचं आधी बाजूला ठेवू या. मी अंगणवाडी प्रकल्पात मुख्यसेविका, म्हणजे सेविकांच्या कामावर देखरेख करणारी, होते, काही वर्षं ग्रामीण भागात, बाकीची शहरी वस्त्यांत. मुलाने शिकू नये असं वाटणारी आई मला भेटली नाही. न पाठवणाऱ्या बायका भरपूर भेटल्या, आणि त्यांचं कारण बहुतेक वेळा घड्याळात सापडलं.

तुमच्या वस्तीतलंच एक घर घ्या. बाईकडे सोसायटीतली धुण्याभांड्याची तीन-चार कामं. सकाळी साडेसातला ती घर सोडते. नवरा बिगारी, आठच्या आत मजूर अड्ड्यावर. अंगणवाडी दहाच्या सुमाराला उघडते आणि दोनला बंद होते. बाई परत येते साडेतीन-चारला. आता तीन वर्षांच्या पोराला दहाला सोडायचं कोणी आणि दोनला आणायचं कोणी? घरात उरते नऊ-दहा वर्षांची थोरली. तिची शाळा दुपारच्या पाळीची, साडेबाराची. म्हणजे ती सोडू शकते, आणू शकत नाही. मग तीन वाटा राहतात. थोरलीने शाळा बुडवायची. नाहीतर शेजारच्या म्हातारीला महिन्याला चार-पाचशे देऊन मूल तिच्या दारात बसवायचं. नाहीतर बाईने पोराला कडेवर घेऊन कामावर जायचं आणि मालकिणीच्या कपाळावरची आठी बघत त्याला जिन्यात बसवून भांडी घासायची. तिन्ही वाटांत अंगणवाडी नाही.

त्याच गल्लीत चार दारं सोडून दुसरं घर. बाप रिक्षा चालवतो, आई घरी शिलाई करते, सोबत सासू. ते पोर सव्वादहाला तेल-पावडर करून, डबी-चमचा घेऊन हजर. महिन्याची हजेरी जवळपास पूर्ण. दोन्ही घरं कागदावर ‘गरीब’ याच रकान्यात. फरक एवढाच की दुसऱ्या घरात भर दुपारी मोकळं असणारं एक मोठं माणूस आहे.

माझं उत्तर थोडक्यात हेच. आपली अंगणवाडी अशा घरासाठी बेतलेली आहे ज्यात दिवसा कोणीतरी घरी असतं. पाळणाघर अशा घरासाठी, ज्यात महिन्याचा पगार बँकेत जमा होतो. जिथे दोघं रोजंदारीवर आणि आजी गावाकडे, त्या घरासाठी दोन्हीकडे जागा नाही. आणि शहरात गरज नेमकी त्याच घराला सर्वात जास्त आहे.

आता वयाकडे बघा, कारण घोळ तिथे आणखी मोठा आहे. अंगणवाडीत बसायला घेतात ते तीन ते सहा वर्षांचं मूल. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरपोच आहाराचं पाकीट, वजन, लसीकरणाची आठवण आणि अधूनमधून गृहभेट. सांभाळायला कोणी नाही. कामकरी आईचा खरा पेच याच अडीच वर्षांचा असतो. पोट लहान, दर दोन-तीन तासांनी भरवावं लागतं, भरवायला धीर लागतो. दहा वर्षांची बहीण भरवते म्हणजे काय करते, तर बिस्किटाचा पुडा हातात देते आणि वर चहा पाजते. घरपोच पाकिटातला शिरा संध्याकाळी सगळं घर खातं. शासनाच्या हिशेबात एका मुलाच्या पूरक आहाराला दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित असेल तर १२. या दरातून निघालेलं पाकीट घरातली चार तोंडं वाटून घेतात तेव्हा बाळाच्या वाट्याला काय येतं ते तुम्हीच बघा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने ठेंगणी निघाली. ही वाढ बहुतांशी पहिल्या दोन-तीन वर्षांत खुंटते, आपण ज्या वयात मूल कोणाकडे आहे हेही विचारत नाही, त्याच वयात.

केंद्राच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमात ‘पाळणा’ नावाची योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं अशी. दिवसाला साडेसात तास, जेवण-झोप सगळं धरून. कल्पना उत्तम. उद्दिष्ट देशभरात १७,००० केंद्रांचं, आणि देशात अंगणवाड्या आहेत चौदा लाखांच्या घरात. तुमच्या वस्तीपर्यंत ती पोचेल तेव्हा पोचेल.

केजीबद्दल तुम्ही जरा नाराजीने लिहिलं आहे, म्हणून सांगते. सात-आठशे रुपये भरणाऱ्या आईबापाला मूर्ख समजू नका. केजीत गणवेश आहे, दप्तर आहे, ‘ए फॉर ॲपल’ आहे आणि पुढे सेमी-इंग्लिश शाळेचा दरवाजा त्यातून उघडेल अशी आशा आहे. ती आशा पोकळ असते, हे मी छातीठोक सांगेन. दहा बाय बाराच्या खोलीत तीस पोरं मांडी घालून पाटीवर अक्षरं गिरवतात. चार वर्षांच्या मुलासाठी खेळ, गाणी, गप्पा यांतून जे व्हायला हवं, ते अंगणवाडीची बरी सेविका ‘आकार’ अभ्यासक्रम हाताशी धरून जास्त चांगलं करते. पण शेजारचं पोर ‘ट्विंकल ट्विंकल’ म्हणतंय आणि आपलं ‘ये रे ये रे पावसा’, हे आईला टोचतं. त्यातून एक गंमत होते. मूल जातं केजीत, नाव मात्र अंगणवाडीत राहतं, कारण पाकीट आणि लसीकरण तिथून असतं. म्हणून हजेरीपट बघून निष्कर्ष काढू नका. पटावरची चाळीस म्हणजे बसलेली बावीस-पंचवीस, हे प्रत्येक मुख्यसेविकेला ठाऊक असतं.

केजीकडे ओढा वाढण्याचा एक परिणाम कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या आईबापांचा आवाज चालतो, नगरसेवकाला फोन लावता येतो, ते निघून गेले की अंगणवाडीच्या गळक्या पत्र्याबद्दल, न आलेल्या वजनकाट्याबद्दल भांडायला कोणी उरत नाही. सेवा आणखी खालावते, आणि उरलेल्यांना ‘बघा, यांना मोफतची किंमत नाही’ असं ऐकवायला आपण मोकळे.

जातीचा विषय तुमच्या पाहणीत आलेला नाही. शहरी वस्तीत तो जरा झाकलेला असतो, गावात उघडा. केंद्र गावठाणात देवळाशेजारी, आणि मुलं ओढ्यापलीकडच्या वस्तीत किंवा पारधी तांड्यावर. पावसाळ्यात ओढा भरला की चार महिने हजेरी शून्य. शिजवणारी मदतनीस खालच्या मानलेल्या जातीची म्हणून वरच्या आळीतली मुलं खाऊ न खाता घरी जातात, तर कुठे उलट, वरच्या आळीतली सेविका वस्तीतल्या पोरांना दाराशी बसवते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली अन्नाच्या हक्काच्या खटल्यात अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत अंगणवाडी लवकरात लवकर सुरू करा असं सांगितलं, ते उगाच नाही. आपल्याकडे हे त्याच्याही फार आधी कळलेलं होतं. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी काढली तेव्हा दलित वस्तीतली मुलं येईनात. ताराबाईंनी पालकांची सभा घेऊन भाषण केलं नाही, बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली, गुरं चरतात तिथे आणि चरतात तेव्हा. देशात अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना आली ती २ ऑक्टोबर १९७५ला, ३३ प्रकल्पांत. तिने अंगणाची कल्पना घेतली, पण घराच्या कामाच्या वेळेला जुळवून घ्यायची कोसबाडची रीत वाटेत सांडली, असं मला वाटतं.

तुमच्या वस्तीत मराठवाड्यातली कुटुंबं आहेत असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणून ऊसतोडीचंही. बीडच्या बाजूची टोळी दिवाळीच्या आगेमागे निघते, मार्च-एप्रिलला परतते. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मुकादमाकडून आधीच घेतलेली, त्यामुळे बाळ तीन महिन्यांचं आहे म्हणून थांबायची सोय नाही. फडात पहाटे जाताना मूल सोबत. पाचटावर धडपं अंथरून निजवायचं, वर वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, आडोसा. गावच्या अंगणवाडीत त्या मुलाचं नाव आहे, मूल नाही. कारखान्याजवळच्या अंगणवाडीच्या हद्दीत मूल आहे, नाव नाही. तिथली सेविका म्हणते, ‘माझा आहार माझ्या पटाएवढाच येतो, मी यांना कुठून देऊ?’ तीही खोटं बोलत नाही. स्थलांतरित लाभार्थ्यांचा माग ठेवायची ऑनलाइन व्यवस्था राज्याने अलीकडे केली आहे, नाव एकीकडून दुसरीकडे फिरवता येतं. पण त्यासाठी गाव सोडताना सेविकेला कळवायला हवं, आणि ट्रक रात्री दोनला निघतो.

कायदे आहेत का, असंही तुम्ही विचारलं आहे. आहेत, आणि कोणासाठी आहेत ते बघण्यासारखं आहे. २०१७च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. नोव्हेंबर २०२५मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत कारखाने अधिनियम १९४८मध्ये ३०हून जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर होतं. बांधकाम मजुरांच्या १९९६च्या कायद्यातही तोवर ५०हून जास्त स्त्रिया असतील तर होतं. सगळीकडे आकड्याची पायरी, आणि त्या पायरीखाली राहायला ठेकेदाराला फार कष्ट पडत नाहीत. चाळीस जणी या मुकादमाच्या, तीस त्या मुकादमाच्या. कितीकदा बायकोचं नाव हजेरीत नसतंच, जोडीचा पगार नवऱ्याच्या नावावर. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईची आस्थापना कोणती? रोजगार हमीवर पाच किंवा जास्त लहान मुलं आली तर एक बाई सांभाळायला नेमायची, असा नियम आहे. ती नेमणूक बहुतेक वेळा मस्टरवरच, म्हणजे हजेरीच्या कागदावरच, दिसते. हिंजवडीसारख्या ठिकाणी चकचकीत पाळणाघर असलेल्या इमारतीत रात्रपाळीला फरशी पुसणारी बाई ठेकेदाराची असते. तिचं मूल त्या पाळणाघरात घेता येतं का, हे तुमच्याच कंपनीत एकदा विचारून बघा. मला उत्तर कळवलं नाहीत तरी चालेल.

मध्यमवर्गाचं सगळं सुरळीत आहे असं नाही. पाळणाघराला हजारो रुपये मोजून पोर आजारी पडलं की आईच रजा टाकते, आणि महाराष्ट्रातली निम्मी नोकरदार आईपणं आज्यांच्या गुडघ्यांवर उभी आहेत. पण तिथे अडचण निवड करताना येते. खाली निवडच नसते.

कागदाचा अडसर वेगळा सांगायला हवा, कारण तो दिसत नाही आणि तुमच्या पैशातून सुटण्यासारखा तोच पहिला आहे. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंद, आधार, मोबाइल क्रमांक, आणि आता घरपोच आहार घेताना चेहऱ्याची पडताळणी. फोन नवऱ्याच्या खिशात, ओटीपी त्याच्याकडे, नवरा स्लॅबवर. पाकीटवाटपाच्या दिवशी बाई कामावर. दोन महिने चेहरा जुळला नाही की ती नाद सोडते, आणि आपण लिहितो ‘लाभार्थी उदासीन’. खाजगी शाळांतल्या गरीब मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशाचंही तेच. अर्ज ऑनलाइन, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला. भाडेकराराशिवाय राहणाऱ्या माणसाने तो पुरावा आणायचा कुठून? मग ज्यांचा सायबर कॅफेवाला ओळखीचा, त्यांचे अर्ज भरले जातात.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. जर्मनीत १ ऑगस्ट २०१३पासून वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला पाळणाघरातल्या जागेचा कायदेशीर हक्क आहे. तरी कमी शिकलेल्या आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुलं तिथे कमीच. संशोधकांनी काही कुटुंबांना माहिती दिली आणि अर्ज भरायला प्रत्यक्ष मदत केली. कमी शिकलेल्या घरांतले प्रवेश चांगलेच वाढले. जास्त शिकलेल्या घरांत फरक पडला नाही, कारण त्यांना ते आधीच जमत होतं. मुलांना पाठवायची इच्छा त्या पहिल्या घरांतही होतीच.

आता तुमच्या पैशाचं. भिंती रंगवू नका. प्रत्येक कंपनीला भिंतीवर जिराफ काढायचा असतो, आणि स्मार्ट टीव्हीचं खोकं मी कितीतरी अंगणवाड्यांत कपाटावर कपडा घालून ठेवलेलं पाहिलं आहे. त्याआधी एक काम करा. वस्तीतल्या प्रत्येक दारात जाऊन सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची यादी करा, भाडेकरूंसकट, तिकडच्या पत्र्याच्या शेडसकट. प्रत्येक नावापुढे दोनच प्रश्न: काल सकाळी अकराला मूल कुठे, कोणाजवळ होतं? काल दुपारी चारला? ‘अंगणवाडीत जातं का’ हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘काल’ विचारलं की खरं येतं. या यादीत ‘बहिणीजवळ’, ‘कुलूप लावून’, ‘आईबरोबर कामावर’ असं जिथे येईल ती तुमची घरं. त्या यादीत सहा वर्षांखालची ४० मुलं असलेली आणि अंगणवाडी नसलेली एखादी वेगळी वस्ती सापडली, तर १३ डिसेंबर २००६चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांपुढे ठेवा. मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची, असं त्यात आहे, आणि झोपडपट्ट्यांनाही तो लागू आहे. अर्ज वस्तीतल्या बायकांच्या सह्यांचा हवा, कंपनीच्या लेटरहेडवर नको.

मग पैसा तासांवर खर्च करा. सकाळी साडेसातपासून संध्याकाळी सहापर्यंत कोणीतरी, शक्यतो दोघी जणी, पगारावर. अंगणवाडीच्या चार तासांना पुढून-मागून जोडून. सेविकेच्या गळ्यात हे घालू नका. ती मानधनावर आहे. सर्वेक्षण, वजनं, ॲप, गृहभेटी आणि निवडणुकीची कामं करून तिचा दिवस केव्हाच संपलेला असतो. याच वस्तीतल्या, मुलांचा लळा असलेल्या बायका घ्या आणि नीट शिकवा. जागा भाड्याची चालेल, पण तळमजल्याची आणि पाण्याची सोय असलेली. सहा महिन्यांपासूनची मुलं घ्या. लंगोट धुवायचा दगड, झोपायच्या गोधड्या, अंडी, दूध, तेल-मसाला पडलेली मऊ खिचडी, एवढी यादी पुरते. बांधकामावरच्या पाळणाघरांचं काम आपल्याकडे नवं नाही. १९६९ साली दिल्लीत गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाच्या बांधकामावर मीरा महादेवन यांनी मोबाइल क्रेश या संस्थेची सुरुवात केली, ती पुढे मुंबई-पुण्यातही आली. छत्तीसगडची ‘फुलवारी’ पाळणाघरं, कर्नाटकने ग्रामपंचायतींत काढलेली ‘कूसिना मने’ पाळणाघरं, अहमदाबादला ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेची पाळणाघरं, यांपैकी एखादं स्वतः जाऊन बघून या. दिवसभर बसा, तासभर नव्हे.

फी ठेवावी का? ‘थोडे पैसे घेतले की किंमत वाटते’ असं तुम्हाला चार जण सांगतील. मला ते पटत नाही. रोजंदारीवाल्याकडे महिन्याच्या एक तारखेला पैसे नसतात. आठवड्याची मजुरी मिळते ती बाजाराच्या दिवशी. आगाऊ मासिक फी लावलीत की पुन्हा पगारदार घरं आत आणि बिगारी बाहेर. घ्यायचेच तर आठवड्याला, बाजाराच्या संध्याकाळी घ्या, आणि काम नव्हतं त्या आठवड्याचे सोडा.

आणि एक बाई फक्त कागदासाठी ठेवा. ट्रॅकरवरची नोंद, आधारमधली चूक, राखीव प्रवेशाचा अर्ज, गावी जाताना नाव फिरवणं. तिची वेळ संध्याकाळी सात ते नऊ, आणि रविवार.

सहा महिन्यांनी आढावा घ्याल तेव्हा एकूण हजेरीची टक्केवारी बघू नका, ती शिलाईवाल्या घरांच्या जोरावरही छान दिसेल. पहिल्या यादीतली ‘बहिणीजवळ’ आणि ‘कुलूप लावून’ लिहिलेली नावं काढा आणि त्यांतली किती आली ते मोजा. न आलेल्या प्रत्येक घरी सातनंतर जा. त्याआधी ती बाई तुम्हाला भेटणार नाही.